लोणारची सहल आणि मोठ्या मायची ओटी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचा हिशोब लिहिणे वेगळे आणि लेख लिहिणे वेगळे. पण त्या म्हणाल्या, "लोणारला तुम्ही जे सांगितलेत, तेच लिहा." म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. चुकेल तेथे भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आपल्या मंडळाची सहल २०२३ सालच्या माघ महिन्यात निघाली. मराठवाडा मुक्त झाल्याला पंचाहत्तरावे वर्ष चालू होते, म्हणून यंदा नुसती देवदर्शनाची सहल नको, काही इतिहास पाहावा, असे सभेत ठरले. औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव सर्वांनीच पाहिलेले. मग लोणारचे नाव निघाले. अडचण एकच होती. दुपारनंतर घराबाहेर राहणे बहुतेकींना जमण्यासारखे नव्हते. कोणाकडे नळाची पाळी, कोणाची मुले शाळेतून येणार, कोणाचे सासरे अंथरुणाला खिळलेले. म्हणून पहाटे निघून दोनच्या आत परत यायचे, अशी अर्ध्या दिवसाची सहल ठरली. तेथील माहिती सांगण्यासाठी एक वाटाड्या तरुण ठरवला. आम्ही एकवीसजणी होतो.

लोणारला जायचे ठरले आणि माझी झोप उडाली. त्याचे कारण सांगायचे, तर आमच्या आजेसासूबाईंची हकिकत आधी सांगितली पाहिजे.

घरात लहानथोर सगळे त्यांना मोठी माय म्हणत. त्यांचे माहेर लोणारजवळच्या एका खेड्यातले. चौदाव्या वर्षी लग्न होऊन त्या आपल्या हिंगोलीत आल्या. मी सून म्हणून या घरात आले ते १९९९ साली. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, म्हणून साल चांगले लक्षात आहे. तेव्हापासून बारा वर्षे मी मोठ्या मायच्या हाताखाली काढली. उन्हाळ्यात पापड लाटायला बसलो की त्या नेहमी म्हणत, "आमच्याकडचा खार पाहिला असता तर कळलं असतं पापड म्हंजे काय."

आमच्याकडचा म्हणजे लोणारचा. हिंगोलीहून ते गाव शंभराच्या आसपास किलोमीटर, गाडीने अडीच तासांची वाट. पण मोठी माय माहेरची गोष्ट काढी तेव्हा एखाद्या परदेशाबद्दल बोलावे तसे बोले. आमच्याकडे कलदार चाले, तुमच्याकडे हाली. आमच्याकडे इंग्रजाचे राज्य, तुमच्याकडे निजामाचे. माहेराहून येताना वाटेत करोडगिरीचा नाका लागे आणि शिपाई गाठोडे सोडून पाही, हे तर त्यांनी मला शंभरदा सांगितले असेल. लुगडी, तांब्याचे भांडे, खाराची पुरचुंडी सगळे रस्त्यावर मांडावे लागे. "नव्या नवरीचं गाठोडं परक्या माणसानं उसकटावं, लई लाज वाटे," असे त्या म्हणत.

ही सरहद्द कोठून आली, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. मुलीच्या अभ्यासाची पुस्तके वाचली, दोन जाणत्यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. तो आपल्या गल्लीतच निघाला, हे नवल.

आपण रिसाला बाजार म्हणतो, पलटण म्हणतो, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा म्हणतो. ही सारी नावे फौजेची आहेत. गेल्याच्या गेल्या शतकात हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी होती. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर येथेही अशा छावण्या होत्या. फौज निजामाच्या नावाची, तिचे अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाच्या माथी. तो पगार थकत गेला, कर्ज चढत गेले आणि शेवटी १८५३ साली इंग्रजांनी तह करून त्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत आपल्या ताब्यात घेतला. लोणार तेव्हा मेहकर परगण्यात, म्हणजे वऱ्हाडात. ते गेले इंग्रजांकडे आणि हिंगोली राहिली निजामाकडे. आपल्याच गल्लीत राहणाऱ्या शिपायांच्या पगारापायी आपल्या मुली ज्या गावी द्यायच्या, ती गावे परक्या राज्यात गेली, असे मी म्हटले तर चुकणार नाही.

पुढे १९०२ साली वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचे इंग्रजांना पट्ट्याने दिले गेले. १९०३ साली ती कंटिंजंट फौज मोडून हिंदुस्थानी सैन्यात मिळवली आणि हिंगोलीची छावणी उठली. म्हणजे ज्या फौजेपायी प्रांत गेला ती फौजही गेली. सरहद्द मात्र राहिली. मोठ्या मायच्या लग्नापर्यंत आणि त्यानंतरही राहिली. कलदार सहा रुपये द्यावेत तेव्हा हाली सात मिळत. इकडच्या कचेरीत उर्दू, तिकडच्या कचेरीत मराठी नि इंग्रजी. पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. मुली द्यायच्या तेथे दिल्या आणि आणायच्या तेथून आणल्या. आज ते नाके उठले, तरी वाशीमच्या वाटेवर कनेरगाव नाका हे नाव आपण येताजाता घेतो.

आता ओटीची गोष्ट. १९४८ साली रझाकारांचा त्रास वाढला, तेव्हा मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. मुक्तिसंग्रामातल्या लढवय्यांच्या छावण्याही सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या गावी होत्या. आमचे आजेसासरे मोठ्या मायला माहेरी पोचवून आले. माझे सासरे तेव्हा पोटात होते. लोणारच्या तळ्याकाठी कमळजादेवीचे देऊळ आहे. मोठ्या मायने वरच्या कड्यावरूनच हात जोडले आणि नवस बोलली, की माणसे आणि घर जसेच्या तसे दिसू दे, मी खाली येऊन तुझी ओटी भरीन. त्या अवस्थेत तिला दरीत उतरू कोण देणार? १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि आठवड्याभरात आजेसासरे न्यायला आले. घर शाबूत होते, माणसे शाबूत होती. ओटी राहिली.

मग संसार वाढला. पुढे आजेसासरे वारले, आणि रूढीप्रमाणे ओटी भरण्याचा हक्कच त्यांचा गेला. सासूबाई गुडघ्यांनी अधू. मी आले तेव्हा एकदा पापड लाटता लाटता त्या मला म्हणाल्या, "लोणारच्या देवीची ओटी राहिली गं माही. तू तरी भर." मी हो म्हटले. २०११ साली त्या गेल्या. माझे हो तसेच राहिले. आज जाऊ, उद्या जाऊ, यात बारा वर्षे गेली. सहलीच्या आदल्या रात्री मी खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू बांधून घेतले, पण कोणाला बोलले नाही.

पहाटे पाचला गाडी निघाली. सेनगावपर्यंत गाणी झाली, रिसोडला चहा झाला. सरहद्द कोठे लागली ते कोणाला कळलेही नाही. दोन्ही बाजूंना तीच तूर, तोच हरभरा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० पासून आपण सारे महाराष्ट्रात आहोत. गाठोडे सोडायला सांगणारा शिपाई आता नाही, हे सुख केवढे, ते मोठी माय असती तर तिला विचारले असते.

साडेसातला लोणारात पोचलो. आमचा वाटाड्या उभाच होता. पोरगा हुशार, बोलण्यात गोड. त्याने आधी वेळापत्रक सांगितले, "मावशी, आठपर्यंत दैत्यसूदन, मग धार, मग कड्यावरून सरोवर, नाष्टा आणि अकराला गाडी." माझ्या पोटात धस्स झाले. यात खाली उतरणे नव्हतेच.

दैत्यसूदनाचे देऊळ गावातच आहे. चुना न लावता दगडावर दगड बसवून केलेल्या, हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधणीचे, आणि भिंतींना तारेसारखे कोन काढलेले. बाहेरून एकेक मूर्ती पाहत फिरायचे म्हटले तरी तास जाईल. आत छतावरही कोरीव काम आहे. गोष्ट अशी सांगतात, की येथे जमिनीखाली बिळात लवणासुर नावाचा दैत्य राहत असे. त्याचा ठावठिकाणा कोणाला लागेना. मग विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना वश केले, त्यांच्याकडून जागा काढून घेतली, वरचे झाकण अंगठ्याने उडवले आणि दैत्याला मारले. त्याचे रक्त म्हणजे हे खारे पाणी. आमच्यातील एक आजी म्हणाल्या, "भाऊ मारला गेल्यावर त्या बहिणींचं काय झालं, ते कुणी सांगत नाही." वाटाड्यालाही त्याचे उत्तर देता आले नाही.

तेथून गोमुखाच्या धारेवर गेलो. कड्याच्या अंगाला बारमाही गोड्या पाण्याची धार पडते. वर गोड पाणी आणि खाली, डोळ्यांसमोर, खारे. सगळ्यांनी हातपाय धुतले.

मग कड्यावर आलो. भगिनींनो, चित्रात पुष्कळदा पाहिले होते, पण ते काही नव्हे. जमिनीला कोणीतरी परात दाबून खड्डा काढावा तसे ते गोल आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली काठापासून सुमारे १३७ मीटर, म्हणजे साडेचारशे फूट. उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी, आणि पाण्याशेजारी दगडी देवळे.

वाटाड्याने नीट समजावून सांगितले. पूर्वी पुष्कळांना हा ज्वालामुखीचा खड्डा वाटे. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी येथील दगड तपासून प्रसिद्ध केले, की आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने हे विवर झाले आहे. मोठ्या धक्क्याशिवाय दगडाची जी काच होत नाही, ती येथे सापडली. काळ्या बेसाल्ट खडकात इतके चांगले टिकलेले दुसरे विवर पृथ्वीवर नाही म्हणतात. त्याचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे मानीत. २०११ च्या सुमारास नव्या पद्धतीने मोजले, तेव्हा ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास निघाले. २०२० च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झाले, ते तुम्हांला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले, की खारटपणा वाढला की वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे सरोवर रामसर नावाच्या जागतिक पाणथळ स्थळांच्या यादीत आले.

मग तो म्हणाला, "या सरोवराचा शोध १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लावला."

मी गर्दीत बोलणारी बाई नव्हे. पण त्या वेळी तोंडातून निघून गेले, "अरे बाळा, शोध कसला? ती समोर देवळे कोणी बांधली मग?"

सगळ्याजणी हसल्या. तोही हसला आणि म्हणाला, "बरोबर आहे, मावशी. त्याने कागदावर नोंदवले एवढेच." त्यानेच मग पुढे सांगितले, की अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरीतही मेहकरच्या वर्णनात या तळ्याचा उल्लेख आहे आणि साबण नि काच करण्याचा माल येथे मिळतो असे लिहिले आहे. पाणी आटले की काठावर खार धरे. लोक तो गोळा करीत. त्याचे प्रकार होते आणि प्रत्येकाला नाव होते. डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कपड्याचा रंग पक्का करायला तो लागे, साबणाला लागे आणि बांगड्यांच्या काचेला लागे.

बांगड्या म्हणताच आम्ही सगळ्यांनी आपापल्या हातांकडे पाहिले. मला तर पुढचे काही ऐकूच येईना. पापडी! मोठी माय खाराच्या पुरचुंडीला पापडीच म्हणे. मला वाटे, पापडासाठी लागते म्हणून ती असे म्हणत असेल. पुरचुंडीत मूठभर खार आणि त्याच्यामागे केवढा इतिहास, आणि तो सांगणारी बाई निरक्षर म्हणून आम्ही तो कधी विचारला नाही.

तेव्हा मी सगळ्यांना ओटीची गोष्ट सांगितली. सांगताना दोनदा गळा भरून आला. वाटाड्याने घड्याळ पाहिले, म्हणाला, "खाली जाऊन यायला दीड तास तरी लागेल. नाष्टा गाडीत करावा लागेल आणि घरी अडीच वाजतील." चिटणीसबाईंनी तेथेच सभा घेतली. ज्यांचे गुडघे दुखतात त्या वर धारेपाशी बसतील, उरलेल्या खाली जातील आणि घरी उशीर झाला तर ज्याने त्याने आपल्या घरचे बोलणे खावे, असा ठराव एकमताने पास झाला. आपल्या मंडळात एकमताने पास झालेला हा पहिला ठराव असावा.

आम्ही नऊजणी उतरलो. वाट झाडीतून जाते. मोर ओरडत होते. खाली आल्यावर खाऱ्या पाण्याचा उग्र वास येतो. काठावर पांढरट साय धरावी तसा थर होता. मी वाकून हात लावणार, तोच वाटाडा म्हणाला, "मावशी, घेऊ नका. हे अभयारण्य आहे. २००० सालापासून येथील काही नेता येत नाही." मी हात मागे घेतला. वाईट वाटले, पण पटले. एकेकीने मूठभर नेला तर उद्या काय उरेल?

कमळजादेवीचे देऊळ काळ्या दगडाचे, ठेंगणे, शांत. मी खण-नारळ काढला. आमच्यात एक भगिनी होत्या, नवरा जाऊन चार वर्षे झालेल्या. त्या आपणहून मागे, दाराबाहेर उभ्या राहिल्या. मी पाहिले आणि मला मोठी माय दिसली. ओटी तिची, आणि तिलाच ती भरता येईना, म्हणून तर पंचाहत्तर वर्षे राहिली. १९४८ साली सरहद्दीवर शिपाई उभा होता, तो गेला. ही दुसरी सरहद्द आम्हीच राखून ठेवली आहे. आदल्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूरकडील हेरवाड गावाने विधवांच्या अशा रूढी बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपल्या मंडळात आपण टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणे सोपे होते.

मी त्यांचा हात धरून आत आणले आणि म्हटले, "ताई, पहिली ओंजळ तुम्ही घाला. ही ओटी जिची आहे ती तुमच्यासारखीच होती." त्या नको नको म्हणाल्या. मग कोणीच काही बोलले नाही. त्यांनी तांदळाची ओंजळ भरली. दुसरी मी घातली. मागून उरलेल्या सगळ्यांनी घातली. वाटाड्या बाहेर तोंड फिरवून उभा होता. तो मुलगा समजूतदार खरा.

चढताना दम लागला. गाडीला बारा वाजले आणि घरी पोचायला अडीच. कोणाकोणाला बोलणी बसली असतील, ती त्यांनी मला अजून सांगितलेली नाहीत. मी घरी येऊन सासऱ्यांना प्रसादाचे खोबरे दिले आणि म्हटले, "मामंजी, ओटी भरली." ते काही बोलले नाहीत. उठून मोठ्या मायच्या फोटोपुढे खोबरे ठेवून आले.

आम्ही जाऊन आल्यानंतर तळ्याचे पाणी वाढत देवळापर्यंत आल्याचे ऐकले. पाणी असे वाढले तर खारटपणा कमी होतो आणि या तळ्याचे वेगळेपण जाते, असे जाणकार सांगतात. ऐकून जीव हलला. लाखो वर्षे टिकलेली वस्तू आपल्या काळात बिघडू नये, एवढीच प्रार्थना. आणि मनात येते, आणखी चार वर्षे उद्या-उद्या म्हटले असते तर?

या उन्हाळ्यात मंडळाचे पापड नेहमीप्रमाणे होतील. खार बाजारातूनच येईल. पण लाटायला बसलो की प्रत्येकीने आपल्या घरच्या म्हाताऱ्या बाईला विचारून आलेली एक गोष्ट सांगावी, अशी माझी सूचना आहे. कोणती सरहद्द ओलांडून ती या गावात आली, गाठोड्यात काय घेऊन आली, आणि तिचे काय राहून गेले? कोणीतरी ते लिहून घ्यावे. सातवी झालेलीलाही ते लिहिता येते, हे तुम्ही आता पाहिलेच आहे.